हात धरल्याशिवाय न वाजणारे वाद्य

मित्रांनो, मी एक जुने वाद्य आहे. पण मला ना तारा आहेत, ना पट्ट्या, ना भाता. रेडिओच्या एका रिकाम्या खोक्यात माझा जन्म झाला. वर तांब्याचे दोन पत्रे, आत काचेचे व्हॉल्व्ह, बस्स.

मला घडवले एका बहीणभावाने. ताई टेलिफोन केंद्रात कामाला होती, धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. कल्पना ताईची, जोडणी भावाची. एकेका पत्र्यावर एकेकाने तळवा ठेवायचा आणि उरलेले हात एकमेकांच्या हातात द्यायचे. मग मुंगी चालावी इतकी हलकी वीज दोघांतून फिरे आणि मी गाऊ लागे. पकड घट्ट झाली की सूर चढे, सैल झाली की उतरे.

"अरे, हात पूस आधी! घामाने सूर नुसता किंचाळतोय," ताई ओरडायची.

"तूच चिडून आवळतेस, ताई!"

दोघे हसू लागले की माझाही सूर डुगडुगायचा.

एकदा मोठ्या सभागृहात आमचा कार्यक्रम झाला. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतले. निवेदक म्हणाले, "या तरुण संशोधकाचं कौतुक करू या. आणि हो, त्यांच्या मदतनीस बाईंचंही!"

ताईने भावाकडे पाहिले. 'ही माझी ताई, कल्पना हिचीच,' एवढे तो म्हणाला असता तरी पुरे होते. तो मान लववून टाळ्या घेत राहिला.

ताई भांडली नाही. तिने दूरच्या गावी बदली मागून घेतली.

मग भावाने मित्राचा हात धरून पाहिला, लग्नानंतर बायकोचाही. मी वाजत असे, पण तो म्हणे, "नाही, असा नाही." शेवटी त्याने मला कपाटावर चढवले. ताईला फोन करायला मात्र त्याची जीभ कधी रेटली नाही. धुळीत माझे व्हॉल्व्ह एकेक करून निकामी झाले.

तो गेला, तेव्हा ताई आली. त्याच्या बायकोने मला खाली काढून पुसले.

"वन्सं, आजारपणात सारखं म्हणायचे, ताईला सांगायचं राहिलं."

"मग सांगितलं का नाही गं त्याने? मी वाट बघत होते."

भावजयीने माझी वायर जोडली. दोघींनी पत्र्यांवर तळवे ठेवले, हात धरले. मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. साधी घरघरही उमटली नाही. तरी कितीतरी वेळ त्यांनी हात सोडले नाहीत.

मित्रांनो, ज्याच्या साथीने काही घडवाल, त्याचे नाव चारचौघांत घ्या. राहून गेलेच, तर त्याच दिवशी जाऊन त्याला तसे सांगा. माझे व्हॉल्व्ह कोणी शोधून आणीलही. पण त्या दोघांचा सूर आता कोणाच्याच हातात नाही.