नऊ गोठे, एक म्हैस

मागची खोली आतून अकरा फूट चार इंच लांब आणि नऊ फूट दोन इंच रुंद होती. मी दोनदा मोजली होती. एक खिडकी, भिंतीत दोन फळ्या, खाली सिमेंट, आणि मधोमध गवंड्याने ओल्या सिमेंटात काडीने कोरलेली तारीख: ३-५-६४. म्हणजे वीस वर्षं ती खोलीच होती. तरी घरपट्टीच्या उताऱ्यात तिच्यापुढे 'गोठा' लिहिलेलं होतं.

"गोठ्यावर बँक कर्ज देत नाही," कर्जाचे कागद बघणारे साहेब म्हणाले. "उताऱ्यावर एकच खोली आहे. एका खोलीवर निम्मी रक्कम मिळेल."

"पण खोल्या दोन आहेत. मी आराखडा जोडलाय."

"आराखडा छान आहे," ते म्हणाले. "उतारा दुरुस्त करून आणा. शनिवारपर्यंत. एकतीस मार्चनंतर पुढच्या वर्षाचा अर्ज."

पुढच्या वर्षापर्यंत घराचे मालक मारुतीराव थांबणार नव्हते. त्यांच्याकडे वडगावचं दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर. आई निपाणीत, अजून तंबाखूच्या वखारीला जात होती. दोघांना पुरेल अशी भाड्याची खोली मी बेळगावात दोन वर्षं शोधत होतो. प्रत्येक ठिकाणी नोकरी विचारून झाली की आडनाव विचारत, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असे. हे घर विकत मिळत होतं, आणि विकणारा आडनाव ऐकून फक्त एवढंच म्हणाला होता, "पैसे कधी देता?"

बँकेतून मी तडक खासबागेत मारुतीरावांकडे गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट चालू होता. मारुतीरावांनी तो थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग शांतपणे सांगितलं, "गोठ्याला पट्टी न्हाय, मास्तर. खोलीला हाय."

"पण तुमच्याकडे जनावर कुठाय?"

"सुलाबाईची म्हस हाय की."

गल्लीची रीत अशी होती. पट्टीचा बिल कलेक्टर तपासणीला निघाला की सुलाबाईची म्हैस ज्याच्या त्याच्या मागच्या खोलीत नेऊन बांधायची. तो पुढच्या घरी गेला की मागच्या बोळातून म्हैसही पुढच्या घरी. गल्लीत नऊ गोठे होते आणि म्हैस एक. मी विचारलं, बिल कलेक्टरला हे कळत नाही? मारुतीरावांना प्रश्न आवडला नाही.

मी त्यांना तीनदा बजावलं. गुरुवारी अकरा वाजता बिल कलेक्टर माझ्या अर्जावरून येणार आहे. खोलीला खोली म्हणून लिहायला येणार आहे. ती रिकामी हवी.

"व्हय, व्हय," ते म्हणाले.

गुरुवारी आई पहिल्या बसने निपाणीहून आली. हातात पिशवी, पिशवीत नवा स्टो. कर्ज मंजूर झालं नव्हतं, पण स्टो घेतला होता. बिल कलेक्टर देवाप्पा सायकलवरून आला. वय पन्नाशीचं, बगलेत लांबडं रजिस्टर. मी दार ढकललं.

खोलीत म्हैस बसली होती.

नुसती उभी नव्हती. पाय पोटाखाली घेऊन, मधोमध, रवंथ करत बसली होती. पुढ्यात ओला चारा होता. खिडकीवर पोतं टांगलेलं होतं. फळ्यांवर गोवऱ्या रचल्या होत्या.

"मारुतीराव," मी म्हणालो, "हे काय?"

"बिल कलेक्टर येतोय म्हणालासा न्हवं?" त्यांना माझाच राग आला होता. "सकाळधरनं खपून सगळं करून घेतलंय तुमच्यासाठी."

दारात सुलाबाई उभी होती. "इतकं नीट कुणाला बांधून दिलं न्हवतं," ती म्हणाली. "गोवऱ्याबी माझ्याच हायेत."

मी देवाप्पाला समजावायला लागलो. ही म्हैस इथली नाही, भिंतींना जुना चुना आहे, हिच्या पोटाखाली तारीख कोरलेली आहे, हिला उठवली की पुरावा दिसेल. मी दोरीला हात घातला.

"सर," देवाप्पा म्हणाला, "म्हशीला उठवू नका."

"का?"

"तारीख मला दिसली तर मला लिहावं लागतंय. वीस वर्षं खोली, वीस वर्षं पट्टी बुडली. मग नोटीस, मग सुनावणी. मारुतीअण्णा भरणार काय?"

"मी कशाला भरू," मारुतीराव म्हणाले, "मी विकतोय."

"बघा. दोन वर्षं जातील. आणि मग बाकीचे आठ गोठेपण मला बघावं लागतंय." सुलाबाईने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. या गल्लीत मला राहायचं होतं. देवाप्पा पुढे म्हणाला, "दुसरी वाट आहे. गोठा होता, यंदा खोली केली. पट्टी एक एप्रिलपासून. उतारा उद्या मिळतोय. तुम्ही फक्त लिहून द्या, आजपर्यंत इथं गोठा होता."

"पण नव्हता."

देवाप्पाने म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, हे काय मग?"

मी चिडलो. मी स्वतः मोजलेल्या खोलीबद्दल खोटं लिहायचं, तेही सही करून. मारुतीराव म्हणाले, शिकलेल्या माणसाला गिऱ्हाईक करायलाच नको होतं.

"आनंदा," आई म्हणाली, "जेवढं डोळ्याला दिसतंय तेवढं लिव्ह की."

मी कागद गुडघ्यावर घेतला. लिहिलं: 'दिनांक २९ मार्च १९८४ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी सदर जागेत मी व बिल कलेक्टर यांनी एक म्हैस बांधलेली पाहिली. ती आजच बाहेर काढून ही जागा राहण्यासाठी खोली म्हणून वापरण्यात येईल.' यातला एक शब्दही खोटा नव्हता. देवाप्पाने वाचलं, "वेळ कशाला?" एवढंच विचारलं, आणि कागद घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवला.

"आक्का, खोली बघायला एप्रिलात परत येतो. घर घेतल्यावर पट्टी वाढणार बघा," जाताना तो आईला म्हणाला.

"वाढू दे. पावतीवर नाव कुणाचं?"

"मालकाचं. ह्यांचं."

"मग पावती नीट लिव्हा. आडनावासकट."

उतारा दुसऱ्या दिवशी मिळाला, आणि शनिवारी सकाळी बँकेत पोचला. पण गुरुवारचं काम तिथेच संपलं नव्हतं. मी 'आजच' लिहून बसलो होतो आणि म्हैस उठायला तयार नव्हती. मी ओढली, मारुतीरावांनी ढकलली. सुलाबाई म्हणाली, तिला घरोघर हिंडायची सवय आहे, एकाच घरी तपासणी झाली हे तिला पटत नसेल. दीड वाजता ती आपणहून उठली आणि सवयीने बोळातून शेजारच्या गोठ्यात गेली.

आईने खोली झाडली, धुतली. तारीख स्वच्छ दिसायला लागली. तिला अंक वाचता येत होते. तिने पिशवीतून स्टो काढला आणि बरोबर तारखेवर ठेवला.

"आई, तो भिंतीशी ठेव. मधे ठेवलास तर चालायला दोन्हीकडे चार-चार फूटसुद्धा राहत नाहीत."

"तुझी मोजणी पुरे आता," ती म्हणाली. "देवाप्पा परत येऊन जाईस्तोवर स्टो हितंच."