टाचेचा शेक

हकीम सिब्ते हसन यांनी पट्टीचा शेवटचा वेढा सोडला, तसं कापड कातडीचा एक पापुद्रा घेऊनच आलं. खाटेवर पाय पसरून बसलेल्या लड्डनचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याची बडबड चालू होती.

"तीन आठवड्यांत दुखणं गायब! त्या एक्स-रेवाल्यानं तर घाबरवलं होतं, म्हणे टाचेत हाड वाढलंय, काटा झालाय. म्हटलं, चौकातल्या आमच्या हकीमसाहेबांपुढे काट्याची काय बिशाद!"

उशाशी त्याने आणलेले शीरमाल, केशर घातलेल्या गोडसर तंदुरी रोट्या, कापडात गुंडाळून ठेवले होते. अजून कोमट असावेत, खोलीभर केशराचा वास होता. त्या वासाखालून दुसराही एक वास येत होता. हकीमसाहेबांनी चष्मा पुसला. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता आणि त्याच्या कडेने पू धरला होता.

"शेक किती वेळा घेतलास?"

"दिवसातून चारदा. तुम्हीच म्हणालात ना, तंदूरवाल्याची कातडी आहे, तुला शेक जास्त गरमच हवा. मग मिठाची पुरचुंडी तंदूरच्या काठावरच ठेवायला लागलो. तरी मेली कोमटच वाटायची!"

ते तसं म्हणाले होते खरे. पहिल्या दिवशी मीठ इतकं तापलं होतं की हकीमसाहेबांनाच पुरचुंडी दोन बोटांत धरवेना, आणि हा ती टाचेखाली घेऊन हसत होता. तीस वर्षं आगीपुढे उभा असलेला माणूस, याला कसला चटका, असं म्हणून तेही हसले होते.

त्यांचे वडील याच खोलीत बसत. रोग्याच्या लघवीची बाटली उजेडात धरून पाहिल्याशिवाय ते नाडीला हात लावत नसत, मग रोगी पडशाचा का असेना. लड्डन म्हणाला होता, "दुखतेय टाच आणि बाटली कशाला, हकीमसाहेब?" अलीकडे सगळेच नाकं मुरडत. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, सांधेदुखीवरच्या सुरंजानच्या गोळ्या दिल्या आणि बाटलीचा विषय सोडून दिला.

"लड्डन, रात्री लघवीला उठतोस?"

"पाच-सहा वेळा. तंदूरपुढे घसा सुकतो, पाणी फार पितो मी." तो पुढे वाकला. "ते जाऊ द्या. आज चांद दिसला तर उद्यापासून रोजे. मालक म्हणालाय, महिनाभर तंदूरवर उभा राहिलास तर जागा तुझी, नाहीतर बरेलीहून माणूस आणतो. तुम्ही फक्त म्हणा, लड्डन, तू बरा झालास."

साखरेच्या आजाराने पाय बधिर होतात हे हकीमसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"डोळे मीट," ते म्हणाले. "मी टाचेला हात लावला की सांग."

"परीक्षा घेताय?" लड्डन हसला आणि त्याने डोळे मिटले.

हकीमसाहेबांनी डागाच्या कडेला अंगठा ठेवला. मग दाबला. नखाशी पू आला. त्यांनी आणखी जोर दिला. लड्डनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. चुकू नये म्हणून तो श्वास रोखून वाट पाहत होता.

"लावा ना, हकीमसाहेब," थोड्या वेळाने तो म्हणाला. "घाबरू नका. आता काही दुखत नाही."