मालकांची मार्गदर्शिका

आमच्या मालकांना पुस्तकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण कागदाला कसली लाज. त्यांचं नाव शंकरप्पा. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या चादरी घेऊन ते गावोगाव हिंडायचे आणि ज्या शहरात जायचे तिथली मार्गदर्शिका पिशवीत ठेवायचे. धर्मशाळा कुठं, खानावळ कुठली बरी, गाडी किती वाजता, सगळं त्यात. माझ्या सासूबाई चंद्रव्वा त्यांना हसायच्या. त्या मैंदर्गीहून श्रीशैलाला विचारत विचारत जाऊन आलेल्या. देवानं तोंड दिलंय ते कशाला, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी ज्येष्ठात मला आणि माझ्या महानंदाला एकदमच टायफाईड झाला. महानंदा नुकती शाळेत जायला लागली होती. मी दवाखान्यात तापात बडबडत होते तेव्हा ती गेली. मला नीट शुद्ध आली तोवर तिला माती देऊनही झाली होती. आमच्यात पुरतात. मला हे कुणी सांगितलं तेही आठवत नाही. रडू आलं नाही. घरी आले, भाकऱ्या थापल्या, त्या गोल आल्या आणि फुगल्याही. शेजारणी म्हणाल्या, धीराची आहे. धीर कसला, आत काही शिल्लकच नव्हतं. फक्त तिला कुठं ठेवलंय ते एकदा बघायचं होतं.

मालकांना विचारलं तर म्हणाले, पाऊस थांबू दे. पाऊस थांबला, तर म्हणाले, अंगात जरा ताकद येऊ दे. आणि मग एका शनिवारी चक्क सोलापूरची मार्गदर्शिका घेऊन आले. माणूस जन्मला सोलापुरात, वाढला सोलापुरात, आणि सोलापूर बघायला पुस्तक! दर रविवारी बाहेर पडू, तुझं मन रमेल, असं म्हणाले. माझं मन कुठं होतं रमायला? पण नाही म्हणायलाही जीव लागतो.

त्या पुस्तकात प्रवाशांच्या जाती केलेल्या होत्या. भाविक, इतिहासप्रेमी, खरेदीदार आणि सहकुटुंब येणारे. पहिल्या रविवारी आम्ही भाविक झालो. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मालक मोठ्यानं वाचत होते आणि मी पाण्याकडं बघत होते. पुढच्या खेपेला इतिहासप्रेमी. किल्ल्याच्या बुरुजाखाली उभं राहून त्यांनी कुठला राजा कधी आला ते सांगितलं. मला दगड दिसले. मग खरेदीदार. जन्मभर चादरी विकणारा माणूस मला मागावरच्या चादरी दाखवायला घेऊन गेला आणि चांगली चादर कशी ओळखावी ते पुस्तकात बघून सांगू लागला. मागावरचा माणूस ओळखीचा निघाला. तो हसला, आणि माझ्याकडं बघून मान खाली घालून मागाला लागला.

खोटं कशाला बोलू, मला त्या पुस्तकाचा उपयोग झाला. डावीकडं वळा, इथं चपला काढा, इथं थोडा विसावा घ्या. मला काहीच ठरवावं लागत नव्हतं. ज्याला कुठंच जायचं नाही त्याला मार्गदर्शिकेसारखी सोबत नाही. ज्याला एकाच ठिकाणी जायचंय, त्याला ती कुचकामी. मी पानं चाळून बघितली होती. स्मशानभूमी त्यात नव्हती. पाहुणा कशाला जाईल तिथं?

त्यानंतरच्या रविवारी मालक धोतर नेसून तयार झाले. सहकुटुंब येणाऱ्यांसाठी एक बाग दिली होती, तिथं जायचं होतं. मी उंबऱ्यावर बसून राहिले.

"मला महानंदाकडं जायचंय," मी म्हणाले.

ते पुस्तकाची पानं उलटायला लागले. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवलं. रागानं नाही. तेव्हा रागही येत नव्हता. त्यांनी चप्पल घातली.

 आमच्या लोकांच्या स्मशानात एका कोपऱ्यात, बाभळीच्या पलीकडं, लेकरांची जागा आहे. मालकांची चाल तिथं मंदावली. लहान लेकरावर दगड ठेवला तर जीव त्याच्यापाशीच घुटमळतो, असं आमच्या घरात मानतात. म्हणून खूण काहीच केली नव्हती. ज्येष्ठात मातीचा उंचवटा होता, तीच खूण. नंतर पाऊस लागला. आता सगळीकडं सारखंच गवत होतं.

मालक दोन पावलं इकडं गेले, दोन पावलं तिकडं. सवयीनं त्यांचा हात पिशवीकडं गेला. पिशवी आणलीच नव्हती.

"मला सापडंना," ते म्हणाले. "श्रावणापासनं येतोय की. एकटाच येतोय. कुटं ठेवली तेच कळंना झालंय."

आणि ते रडले. बाभळीला धरून, मोठ्यानं, लेकरासारखे. किल्ला, तळं, चादरी, सगळं मला या कोपऱ्यापासून लांब ठेवण्यासाठी चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला त्यांची कीव यायला हवी होती. तीही आली नाही. मी नुसती उभी राहिले.

पलीकडं गवतात एक बाई बसली होती. वयानं माझ्याएवढीच असेल. पुढ्यात पानावर चुरमुरे आणि गुळाचा खडा मांडलेला. मी तिच्याजवळ गेले. नाव विचारलं तर नागम्मा म्हणाली. तिचा मुलगा गेला होता, तोही ज्येष्ठातच. ज्येष्ठातली लेकरं कुठल्या बाजूला आहेत, असं मी तिला विचारलं. तुला तुझ्या लेकराची जागा सापडली असेल, तर माझ्या लेकीचीही तिथंच जवळ असेल, असंही म्हणाले.

तिनं समोरच्या गवतावरून हात फिरवला.

"मला तरी कुटं ठावं हाय, बाई," ती म्हणाली. "पावसानं समदं एक केलं. मी हितं बसते. हितं तुजी असंल, माजा तिकडं असंल. तू बी बस की."

ती थोडी सरकली. मी तिच्याशेजारी बसले. जमीन ऊन होती. नागम्मानं चुरमुऱ्यांचं पान आम्हा दोघींच्या मधे ओढलं, आणि मला रडू फुटलं.