मी, जानकीबाईंची पाइपची शिट्टी

मित्रांनो, भिंतीतून विजेच्या वायरी न्यायला जो पांढरा पाइप वापरतात, त्याचा मी फूटभर तुकडा. आता रंग चहात बुडवल्यासारखा झालाय, पण शिट्टी म्हणून मी अजून ठणठणीत आहे. सहा छिद्रांची. बासरी आडवी धरतात, मला उभी.

मला घडवलं चारकोपच्या लवू इलेक्ट्रिशियननी. हात चांगला, फक्त मापापेक्षा अंदाजावर विश्वास जास्त. त्यांनी पाइप कापला, तोंडाशी फुंकरीपुरती फट ठेवून लाकडाचं बूच बसवलं, स्वतःची बोटं टेकवून सहा खुणा केल्या आणि ड्रिल फिरवलं. पहिल्याच फुंकरीला मी वाजले. "झकास!" असं स्वतःलाच म्हणून त्यांनी मला बायकोच्या, जानकीबाईंच्या हातात दिलं. चूक तोवर होऊन गेली होती, पण ती कळायला महिना लागला.

जानकीबाई तीस वर्षं वेष्टनं छापायच्या कारखान्यात होत्या. तिथल्या एका मशीनने त्यांच्या उजव्या अनामिकेचं टोक नेलं. निवृत्तीनंतर त्या बागेतल्या शिट्टीवाल्यांच्या गटात जाऊ लागल्या. इनमीन पाच जण. म्होरके सुबोध सर, विलेपार्ल्याहून येणारे आणि कानाचे तिखट. सोसायटीच्या कार्यक्रमाला आठवडा उरला, तेव्हा ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "जानकीताई, तुमचा खालचा सा चिरकतो. रविवारच्या कार्यक्रमापर्यंत तो सुधारला नाही, तर तुम्ही झांज घ्या. झांजेला काय, बोटं लागत नाहीत."

घरापर्यंत जानकीबाईंनी मला इतकं घट्ट धरलं की माझी सहाही छिद्रं त्यांच्या तळव्यावर उमटली.

खालच्या साला सहाही छिद्रं पूर्ण झाकावी लागतात; त्या संध्याकाळी मी एकोणीस वेळा चिरकले. मी मोजते. पाइपला दुसरा उद्योग काय?

"दाब गो जरा!" लवू म्हणाले.

"दाबतंय तर! टोकच नाय तर दाबू काय, कपाळ?"

"घामान सटकता पाइप. थांब, इलाज करतंय."

लवूंचा इलाज म्हणजे जुन्या बॅटची रबरी ग्रिप. ती त्यांनी माझ्या अंगावर ओढून चढवली आणि छिद्रांपुरती कापली. धरायला मी छान झाले, हे कबूल. पण ग्रिपवरच्या उंचसखल रेघांतून हवा पसार होऊ लागली. आधी एकच छिद्र गळत होतं, आता सहाही गळायला लागली.

"बघ, आता पडत नाय!" लवू खूश.

"पडत नाय आणि वाजत पण नाय. असो खांब बाल्कनीत पण आसा."

मग जानकीबाई उठल्या. "कारखान्यात छपाई सरकली की आमी कागदाक शिव्या घालत नव्हतो," त्या म्हणाल्या. "शाई खय पडली, ता बघायचो." त्यांनी ग्रिप उतरवली, कुंकवात तेलाचा थेंब कालवून सहा बोटांना लावला, डोळे मिटले आणि मला सहज, जोर न लावता धरलं. मग उचलून ट्यूबलाइटखाली ठेवलं.

पाच छिद्रांभोवती लाल कडं पूर्ण होतं. सहाव्याला, उजव्या अनामिकेच्या छिद्राला, अर्धीच चंद्रकोर. बाकीचा ठिपका तळव्याच्या बाजूला सरकलेला.

"बोट नाय चुकला," जानकीबाई म्हणाल्या. "भोक चुकलाहा."

लवूंनी स्वतःचं बोट त्या छिद्रावर टेकवून पाहिलं; ते नेमकं बसलं. मग हळूच म्हणाले, "मी माझ्या बोटान मापलंय."

सकाळी त्यांनी जुनं सहावं छिद्र एमसीलने बुजवलं आणि लाल ठिपक्यावर नवं पाडलं. टोकापासून अंतर तेच, फक्त थोडं कडेला, म्हणजे सूर हलणार नाही. दुखलं का, विचाराल तर हो. मग सगळ्या कडा सँडपेपरने घासून बशीसारख्या खोलगट केल्या; बोटाचं मांस तिथे आपोआप बसतं, दाबावं लागत नाही. ग्रिपची एकच पट्टी ठेवली, खालून अंगठा टेकतो तिथे.

रविवारी खालचा सा आला. लांब, सरळ, न चिरकता. जानकीबाई सगळं गाणं शिट्टीवरच वाजवून उतरल्या.

सुबोध सरांना राहवलं नाही. "बघू तुमची शिट्टी," म्हणून त्यांनी मला धरलं, फुंकलं, आणि मी चिरकले. मुद्दाम नव्हे हं!

"अहो, ही तर गळते!"

"गळत नाही, सर," जानकीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं बोट लांब पडतं."

मित्रांनो, तुम्हीही कधी शिट्टी कराल. वाजवून झाली की आतून पुसा, उन्हात टाकून ठेवू नका, वाकते बिचारी. आणि जिच्यासाठी करताय, तिची बोटं आधी टेकवून बघा, ड्रिल नंतर. लवू आता तसंच करतात. कुणी शिट्टी मागायला आलं की ते पाइप बाजूला ठेवतात, कुंकवाची डबी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "हात पुढे कर."