पुरचुंडीच्या पानावरची करडी आकृती

मित्रांनो, मी एक जुनी, करडी आकृती आहे. गोल डोके, दोन कान, बस्स. डोळे नाहीत, नाक नाही. एखाद्या संकेतस्थळावर कोणाचा फोटो नसला की त्या रिकाम्या चौकटीत माझ्यासारखीला उभे करतात.

मला घडवले एका प्रोग्रामर ताईने. ती निराधार कुत्र्यांच्या घरासाठी संकेतस्थळ बनवत होती. प्रत्येक कुत्र्यासाठी तिने माहितीचा एक साचा केला होता : नाव, वय, स्वभाव आणि फोटो.

"पण फोटो नसला तर गं?" ते घर चालवणाऱ्या मावशींनी विचारले.

"तर ही उभी राहील," ताई म्हणाली आणि तिने मला दाखवले.

"अगंबाई, किती गोड आहे!" मावशी हसल्या.

मी एरवी झोपेत असते. कोणी पान उघडले की अलगद जागी होते, कधी एखाद्या टेबलावर, कधी कोणाच्या उबदार तळहातावर. एकाच वेळी कितीतरी घरांत मी असे, जणू धुके. मग एकेकाचे खरे फोटो आले आणि मी एकेका पानावरून विरघळत गेले. त्याचे मला सुखच वाटे.

एका पानावर मात्र मी राहिले. ती पुरचुंडी. अंगाचे गाठोडे करून झोपायची म्हणून हे नाव. मोबाइल समोर धरला की ती खाटेखाली पळे. तिच्या सोबतचे सगळे घरोघरी गेले. तिच्या पानावर मला बघून लोकांची बोटे पुढे सरकत.

"आई, याला तोंडच नाही!" एक मुलगी म्हणाली. आईने पान बंद केले.

पुरचुंडी दिवसभर फाटकाशी पडून राहू लागली. जेवणही अर्धे टाकू लागली. एका दुपारी ती उन्हात गाढ झोपली असताना राखणदार काकांनी हळूच फोटो काढला आणि मावशींनी तो तिच्या पानावर चढवला. लगेच त्यांनी ताईला फोन लावला.

"अगं, नुसतं शेपूट दिसतंय! हिचं तोंड कुठे गेलं?"

ताईने पाहिले. "चुकलंच माझं, मावशी. प्रत्येक फोटोचा मी फक्त मधला भाग ठेवत होते, कडा कापून टाकत होते. आता आधी तोंड कुठे आहे ते तुम्हाला विचारीन, मग कापीन."

तिने साच्यात तोंड कुठे आहे ते सांगायची एक जागा वाढवली. चौकटीत पुरचुंडी आली : पांढरे झालेले तोंड, दुमडलेला कान, बाहेर डोकावणारे जिभेचे टोक. मी बाजूला झाले.

आठवड्याभरात एक शिवणकाम करणारी बाई आली. "मला पळणारं नकोच," ती म्हणाली, "मशीनपाशी माझ्या पायाशी झोपणारं हवंय." पुरचुंडी तिच्यामागून गेली, मान वर करून.

मित्रांनो, आज सकाळी आणखी एका कुत्र्याचे नवे पान तयार झाले आहे. नाव अजून ठरायचे आहे. तिथे मीच आहे. मला पाहून पुढे जाऊ नका. माझ्यामागे कोणीतरी खरोखरचे बसलेले आहे. जमले तर एकदा भेटून या.