बार्बाडोसला गेलेला कुकर

"कसा दिसतोय?" रघुवीरभाऊजींनी लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या घरात, सोफा आणि टीव्हीच्या मधोमध गिरकी घेतली. सैनिकांसारखा हिरव्या-मातकट चट्ट्यांचा शर्ट, तशीच हाफ पँट, तशीच टोपी. बार्बाडोससाठी मागवलेला फुल सेट.

त्या बेटावर सैन्याबाहेरच्या माणसाने असे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, हे त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोला, रश्मीला, पक्कं ठाऊक होतं.

"शोभतंय हो भाऊजी," ती म्हणाली. "विमानातही हेच घाला."

"बघ विष्णू, तुझ्या बायकोला टेस्ट आहे!"

रश्मी कौन्सिलच्या पार्किंग खात्यात होती. दंड झालेले लोक लिहायचे, 'पाटी दिसली नाही', 'माहीतच नव्हतं'. सगळ्यांना तिचं एकच नम्र उत्तर जायचं: माहीत नसणं हे कारण ग्राह्य धरता येत नाही.

भाऊजी कुटुंबाच्या सहली काढत, आणि हॉटेलात कधी उतरत नसत. किचनवाली जागा घ्यायची, वॉटफर्डहून कुकर न्यायचा, म्हणजे 'घरचं' मिळतं. एडिनबराचा किल्ला सगळ्यांनी पाहिला. रश्मीने त्या फ्लॅटमधली शेगडी पाहिली. शेगडी चांगली होती.

यंदा तिची पन्नाशी होती. म्हणून बेट तिने निवडलं. "बाथशीबाचा किनारा बघू," ती म्हणाली होती, "आणि वाढदिवसाच्या दिवशी न्यूटन नावाच्या मळ्यातलं दफनस्थान. ऊसमळ्यांत राबवलेल्या गुलामांना तिथे पुरलंय."

"थडगी? बर्थडेला?" भाऊजी हसले होते. "अगं, आम्ही बीचवर पडतो, तू मस्त मसालेभात लाव. कुकर घे आठवणीने."

"दादा म्हणतोय तर..." विष्णू म्हणाला होता. हे वाक्य त्याने लग्नापासून कधी पूर्ण केलेलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

ब्रिजटाउनच्या विमानतळावर अधिकारी बाईंनी भाऊजींना बाजूला घेतलं. सर, हे कपडे इथे चालत नाहीत, बदलून या.

"बट आय डिडन्ट नो!" भाऊजी म्हणाले.

रश्मीची मान सवयीने नकारार्थी हलली.

मोठ्या बॅगा अजून यायच्या होत्या. विष्णूच्या हँडबॅगेत भडंग होतं. रश्मीने स्वतःची उघडली आणि तुळशीबागेतला फुलाफुलांचा गाऊन काढला. छातीवर हळदीचा डाग. याच गाऊनमध्ये तिने अर्धा युरोप रांधला होता.

"हा आहे. होतोय का बघा."

बाईंनी गाऊन उलटसुलट पाहिला. कायद्याला त्यात काही आक्षेपार्ह आढळलं नाही.

रघुवीरभाऊजींनी अशा रीतीने बार्बाडोसच्या भूमीवर पाऊल ठेवलं. टॅक्सीवाला काहीच बोलला नाही. इतका संयम रश्मीने विष्णू सोडून कुणात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. सकाळीच विष्णूने तिला गाठलं. "तुला माहीत होतं ना?"

"नव्हतं म्हणाले, तर ग्राह्य धरशील?"

"अगं, दादा रात्रभर झोपला नाही."

"एडिनबराला मीही नव्हते झोपले. पुरण वाटत होते."

विष्णू चाचरत म्हणाला, "दादा विचारत होता, मसालेभात किती वाजता..."

"गाऊन त्यांच्याकडे आहे," रश्मी म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून बस स्टॉपकडे निघाली.

न्यूटनला पाहण्यासारखं काही नव्हतं. गवताचा एक उतार, पलीकडे ऊस. शेकडो माणसं खाली, आणि कुणाच्याच डोक्याशी नाव नाही. आपल्या कुकरची यांच्या आयुष्याशी तुलना करण्याचा मोह तिला झाला. तिने तो शरमून आवरला. भाऊजींचा चेहरा आठवून हसू येईल असं वाटलं होतं. तेही आलं नाही. किल्ला मात्र आठवला, न पाहिलेला.

फोन वाजला. विष्णू.

"अगं, दादाने स्वतः तांदूळ धुतलेत. पण कुकरची शिट्टी सापडत नाहीये."

रश्मीने पर्समध्ये हात घातला. रुमालात गुंडाळलेली शिट्टी हाताला जड लागली.

"तिथेच असेल," ती म्हणाली. "नीट बघा."

तिने फोन बंद केला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि गवतात उभी राहिली. उसातून वारा येत होता. कुणालाही भूक लागलेली नव्हती.