मेणावरचे दात

ब्रदर सॅम्प्सनचं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं. आमच्या कॅथेड्रलच्या मठाचा हा दफ्तरदार. कोणी कोणती जमीन संताच्या नावे, म्हणजे मठाला, दिली, त्याचे सगळे दस्त याच्या पेटीत. याची पेटी म्हणेल ते खरं, आणि आम्ही नांगर धरणारे खोटे.

नदीकाठचं कुरण माझं. माझा बाप अस्केटिल तीन हिवाळ्यांपूर्वी गेला, त्याच्यामागे मी एकटीच. दोन गाई आणि त्यांचं वर्षाचं गवत, माझा सगळा संसार त्या कुरणावर. ते गेलं तर मठाच्या दारात शिळ्या पावासाठी रांगेत उभं राहायचं, एवढंच उरतं.

गेल्या उन्हाळ्यात सॅम्प्सन खेचरावर बसून आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, की तुझ्या बापानं हे कुरण जिवंतपणीच संताला दिलंय, दानपत्र आमच्याकडे आहे. मी म्हटलं, माझ्या बापानं आपली फाटकी टोपी कधी कुणाला फुकट दिली नाही. तो म्हणाला, राजाच्या कोर्टात बघू.

राजाचा न्यायाधीश सुगी संपल्यावर आला. तो राजदरबारच्या फ्रेंचमध्ये बोलायचा आणि कारकून आमच्या बोलीत सांगायचा. गावातले बारा पंच बसले. त्यात म्हातारा उल्फही होता, माझ्या बापाचा बिअरचा जोडीदार. सॅम्प्सननं दानपत्र वाचून दाखवलं. नवे बिशप आले त्या वर्षीचं होतं, तेव्हा बाप जिवंत होता. खाली मेणाचा गोळा. आमच्यासारख्यांकडे शिक्का कुठला असायला? आम्ही गरम मेणाला चावा घेतो, दातांच्या खुणा हीच आमची सही. मी म्हटलं, मला ते मेण बघू द्या.

बघितलं आणि मला हसूच आवरेना. मेणावर वरच्या दातांची अख्खी ओळ उमटली होती, एकही कमी नाही.

“सरकार,” मी म्हटलं, “बिशप यायच्या दहा वर्षं आधी गिरणीचा दांडा लागून माझ्या बापाचे वरचे चार दात पडले. अगदी समोरचे. मग हे चावलं कुणी? यांच्या आचाऱ्यानं?”

न्यायाधीशानं उल्फला विचारलं. उल्फ सावकाश उठला. “खरंय, सरकार. अस्केटिल पाव बिअरमध्ये बुडवल्याशिवाय खायचा नाही. शिट्टी मारायला गेला की नुसती थुंकी उडायची.”

सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसला. सॅम्प्सनचे कान लाल झाले. घाईत पेटीतून भलताच दस्त निघालेला दिसतोय, शोधायला वेळ द्या, असं काहीतरी तो पुटपुटला. न्यायाधीशानं ईस्टरनंतरची तारीख दिली. मी मूर्ख, तेव्हाच आकांडतांडव करायला हवं होतं. मी जिंकले असं समजून उल्फला बिअर पाजली.

ईस्टरनंतर सॅम्प्सन दुसरा दस्त घेऊन आला. म्हणे आधीची कुणा आळशी ब्रदरनं केलेली नक्कल होती, मूळ दस्त पेटीच्या तळाशी चिकटून बसला होता. शब्द तेच, वर्षही तेच. कारकुनानं मेण माझ्यापुढे धरलं.

समोर चार दातांची फट होती. ती तर मीच भर कोर्टात सांगितली होती, कुणीही लबाड ती करू शकला असता. तेच बोलायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर बाजूला गेली. उजवा सुळा आडवा, आणि त्याचं टोक तुटलेलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बापाच्या मिशांखाली तो सुळा झाकलेला असायचा, उल्फलाही ठाऊक नसेल. मला ठाऊक होता, कारण शेवटचा महिनाभर मी त्याला चमच्यानं पेज भरवली होती.

“हे तुझ्या बापाचे दात आहेत का?” कारकुनानं विचारलं. “शपथेवर सांग.”

“होय,” मी म्हटलं. “त्याचेच आहेत.”

कुरण संताचं झालं. सॅम्प्सननं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, तो दस्ताची गुंडाळी करत होता.

कोर्टातून मी तडक गावच्या चर्चच्या आवारात निघाले. दोन तासांची वाट, आणि वाटभर बापाला शिव्या घालत होते. माझ्या हातची पेज गिळत होतास, आणि पोरीला रस्त्यावर आणलंस ते एका शब्दानं सांगितलं नाहीस? त्याच्या उशाशी उभं राहून हेच ओरडायचं मी ठरवलं होतं.

सगळ्या थडग्यांवर गवत माजलं होतं. त्याच्यावरचं मात्र फावड्यानं चौकोनी कापून परत बसवलेलं होतं, कडा अजून जुळल्या नव्हत्या. मी एक चौकोन ओढला तर तो अलगद हातात आला. खालची माती भुसभुशीत होती. लाकडी क्रूस उशाकडे असायचा, तो पायथ्याशी रोवलेला. आवाराच्या फाटकाची किल्ली मठाकडेच असते.

बराच वेळ मला काही कळेना. मग कळलं, आणि मी तिथंच मातीत बसले. तीन हिवाळे मातीत असलेल्या माझ्या बापाला त्या लोकांनी वर काढलं, त्याचं तोंड गरम मेणावर दाबलं आणि पुन्हा पुरलं. आणि मी, त्याची पोर, भर कोर्टात शपथेवर त्याला ओळखलं.